ताराबाईंची अकरा गाणी

माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी कुणी मोठा गायक झाला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण संगीत शिक्षिका म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. पंचवटीतल्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं पेटी आणि स्वरलिपी शिकवली, संध्याकाळी घरी पुढच्या खोलीत वर्ग घेतला. त्यातून जी मुलं बाहेर पडली ती बँकेत, दवाखान्यात, द्राक्षांच्या पॅकिंगच्या कामात अशी कुठे कुठे लागली. पण त्यातली बरीचशी आजही कागदावर लिहिलेलं गाणं बघून वाजवू शकतात. माझं काम तेवढंच होतं, आणि ते मी नीट केलं असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गाणं कागदावर उतरवायची साधी रीत म्हणजे स्वरलिपी. सा रे ग म ही अक्षरं सगळ्यांना माहीत असतात. अक्षराखाली आडवी रेघ मारली की तो स्वर कोमल, म्हणजे जरा उतरलेला. खाली टिंब दिलं की खालच्या सप्तकातला, वर दिलं की वरच्या. स्वर लांबवायचा असला तर त्याच्यापुढे एक छोटी रेघ. मी मुलांना गणिताची चौकटीची वही आणायला सांगायचे. एका चौकटीत एक मात्रा, आठ चौकटी भरल्या की ओळ पुरी. गच्चीवर खडूने अशाच आठ चौकटी आखून मी मुलांना त्यांवरून चालवायचे. स्वर असेल त्या चौकटीत पाऊल टाकायचं, रेघ असेल तिथे थांबायचं. पाऊल टाकायला सगळे तयार असत, थांबायला कुणी तयार नसे. एका मुलाच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "बाई, हा टीव्हीवर कधीपर्यंत जाईल?" मी म्हटलं, "थांबायला शिकला की." पुढच्या महिन्यात त्यांनी मुलाला स्केटिंगला घातलं.

माझा एक हट्ट होता. वर्गात मोबाइल चालायचा नाही. मुलं फार चलाख असतात. मी एकदा वाजवून दाखवलं की ते फोनमध्ये भरून घ्यायची, घरी ऐकून ऐकून बोटं बसवायची आणि दुसऱ्या दिवशी वही समोर ठेवून वाचल्याचं नाटक करायची. यावर मी एक उपाय काढला होता. त्यांच्या वहीतला एखादा स्वर गुपचूप बदलून ठेवायचा. वाचणारा मुलगा बदललेला स्वर वाजवतो, पाठ केलेला जुनाच वाजवतो. "ज्याला लिहिता-वाचता येतं त्याचं गाणं हरवत नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की शाळेतली मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणायची.

रंजनाला मी असंच पकडलं. ती सहावीत होती. घर मूळचं पेठच्या बाजूच्या एका पाड्यावरचं. वडील पंचवटीच्या भाजीबाजारात हमाली करायचे, आई ताराबाई एका फुलवाल्याकडे हार ओवायला बसायची. मुलीचा कान विलक्षण होता. एकदा ऐकलं की तिची बोटं बरोबर त्या पट्टीवर पडायची. वहीकडे मात्र ती बघायचीच नाही. मी एका ओळीत 'प'च्या जागी 'म' लिहून ठेवला. तिने 'प'च वाजवला.

"वहीत काय लिहिलंय?" मी विचारलं.

तिने वाकून पाहिलं. "म हाय, बाई."

"मग?"

"प बरा वाटतो," ती म्हणाली. ते खरंच होतं, 'प'च बरा वाटत होता. पण मी तिला तेवढ्यासाठी सोडलं नाही. चार महिने तिला कान बंद ठेवून डोळ्यांनी वाजवायला लावलं. ती शिकली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती न ऐकलेली ओळ सरळ बघून वाजवायला लागली, तेव्हा मला झालेला आनंद मी कुणाला सांगितला नाही. शिक्षकाने असा आनंद फार दाखवला की पोरं सैलावतात.

मी निवृत्त झाले त्याच वर्षातली ही गोष्ट. जानेवारीत एके दिवशी शाळा सुटल्यावर रंजना वर्गातच बसून राहिली. मी पेटी झाकत होते.

"बाई, लिहिलं की गाणं हरवत नाय ना?"

"नाही हरवत. का गं?"

"आईचा आवाज काढून टाकनार हायत."

मला आधी अर्थच लागला नाही. मग तिने सांगितलं ते असं. ताराबाईंचा घसा सात-आठ महिने बसलेला होता. मशेरीची सवय जुनी. दवाखान्यात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, त्याशिवाय बाई वाचणार नाही. ताराबाई आठवडाभर तयारच होत नव्हत्या. मरणाला घाबरत होत्या म्हणून नव्हे. त्यांच्या पाड्यावर लग्नात हळद लागते तेव्हा बायका गाणी म्हणतात. पुढे म्हणणारी एकच असते, बाकीच्या तिच्या मागून शेवटचे शब्द उचलतात. पुढे म्हणणाऱ्या दोघी म्हाताऱ्या वारल्या होत्या. आता ताराबाई एकट्याच होत्या. दरवर्षी उन्हाळ्यात लग्नसराईला त्या नाशिकहून पाड्यावर जायच्या ते त्यासाठीच. रंजना दुसरीत असताना नाशिकला आलेली. तिला काही गाणी अर्धीमुर्धी यायची, काही अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताराबाई स्वतः माझ्या घरी आल्या. बारीक चणीची बाई, बोटांना दोऱ्याचे काच पडलेले. दाराशीच बसत होत्या, मी आत खुर्चीवर बसवलं. आवाज म्हणजे नुसती खरखर होती.

"बाई, माझी गानी हिच्या वहीत घाला," त्या म्हणाल्या. "मंग मी जाते दवाखान्यात."

किती गाणी, मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजली. अकरा.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. फुलांचं दुकान दुपारी जरा निवांत असायचं, तेवढ्या वेळात त्या यायच्या असं ठरलं. रंजना शब्द लिहील, मी पेटीवर सूर धरून स्वर सांगेन, रंजना ते चौकटीत भरेल. मला हे काम मनापासून आवडलं होतं. इतकी वर्षं मी पोरांना जे शिकवत होते त्याचा खरा उपयोग पहिल्यांदा समोर आला होता, आणि तो माझ्याच विद्यार्थिनीच्या हातून होणार होता.

पहिल्या दुपारी रंजनाने दप्तरातून वडिलांचा मोबाइल काढला. "बाई, यात पन भरू का?"

मी नाही म्हटलं.

हे वाक्य लिहायला मला फार जड जातंय, पण म्हटलं हे खरं आहे. वर चार शब्द ऐकवले. मोबाइल पडतो, फुटतो, हरवतो, वही राहते. एकदा भरून घेतलंस की तू लिहिताना लक्ष देणार नाहीस. तुला काय शिकवलं मी? रंजनाने मोबाइल परत दप्तरात टाकला. ताराबाई आमच्याकडे बघत होत्या. शिकवणाऱ्या बाई सांगतायत म्हणजे ते बरोबरच असणार, असं त्या बघण्यात होतं.

मग त्या गायला लागल्या. बसलेल्या आवाजात, तुटक तुटक, मध्ये पाणी पीत. पहिलंच गाणं वराला हळद लावतानाचं होतं. मी पेटीवर सूर शोधू लागले आणि पहिल्याच ओळीत अडले. त्यांचा गंधार, म्हणजे ग, काळ्या पट्टीवर बसत नव्हता आणि पांढऱ्या पट्टीवरही बसत नव्हता, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होता. पेटीवर मध्ये काही नसतं. मी कोमल वाजवला.

"तसं नाय, बाई," ताराबाई म्हणाल्या.

मी शुद्ध वाजवला.

"तसं पन नाय."

मला वाटलं, आजाराने गळा हलतोय, सूर वर सरकतोय. म्हणजे मूळचा कोमलच असणार. मी रंजनाला सांगितलं, "'ग'खाली रेघ मार." तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि रेघ मारली.

दुसरी अडचण थांबण्याची. ओळ संपली की ताराबाई थांबायच्या. कधी दोन मात्रा, कधी पाच, कधी साडेचार. मी मोजत बसायचे आणि हिशेब लागायचा नाही. मी म्हटलं, ताराबाई, एकदा ठरवा, किती थांबायचं? त्या म्हणाल्या, "हळद लावनारीचा हात खाली येईस्तोवर." माझ्या घरात त्या वेळी हळद लावणारी कुणी नव्हती. मी प्रत्येक ओळ आठ चौकटींत बसवली. जिथे जास्त होतं तिथे कापलं, जिथे कमी पडलं तिथे रेघा भरल्या. पान इतकं स्वच्छ दिसत होतं की मी ते लांब धरून पुन्हा पाहिलं.

पहिल्या तीन दिवसांत ताराबाईंनी अनेकदा "तसं नाय" म्हटलं. चौथ्या दिवसापासून म्हणायचं सोडून दिलं. मला वाटलं, आता आमची गाडी रुळावर आली. त्या बाईंनी मान राखून तोंड मिटलं होतं, हे कळायची बुद्धी मला झाली नाही. शेवटच्या दुपारी आवाज जवळजवळ येतच नव्हता. दहावं आणि अकरावं गाणं मी त्यांच्या ओठांवरून आणि माझ्या अंदाजावरून पुरं केलं. ताराबाईंनी वही हातात घेतली, वाचता येत नसूनही एकेक पान उलटलं, कपाळाला लावली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल झाल्या.

ऑपरेशन नीट झालं. त्या वाचल्या. मार्चच्या शेवटी रंजना त्यांना घेऊन माझ्याकडे आली. गळ्याभोवती पांढरं सुती फडकं, त्यामागे श्वासाचं भोक. चेहरा उतरलेला, पण डोळे हसरे. रंजनाला आईला वाजवून दाखवायचं होतं. दोन महिने ती रोज माझ्याकडे येऊन वही वाचत होती. पेटी उघडून तिने पहिलं गाणं लावलं. एकही चूक नाही. मात्रा चोख, रेघांवर थांबणं चोख. इतकं चोख वाचणारी मुलगी माझ्या हाताखाली दुसरी झाली नाही.

ताराबाई ऐकत होत्या. गाणं संपलं तेव्हा त्यांनी मुलीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग तोच हात उताणा करून हलवला. कोणतं? असं विचारत होत्या.

रंजनाला वाटलं आई थट्टा करतेय. "वळख ना."

ताराबाईंनी मान हलवली. त्यांना खरंच ओळखू आलं नव्हतं. रंजनाने शब्द म्हणून दाखवले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर विसरले नाही. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. माणूस एखाद्या घरी सामान ठेवून जातो, परत आल्यावर दुसऱ्याचंच गाठोडं हाती मिळतं आणि घरचे लोक भले असल्यामुळे काही बोलता येत नाही, तसं काहीतरी होतं. रंजना रडायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला, गॅस पेटवलाच नाही आणि ओट्याशी उभी राहिले. मला स्वतःची लाज वाटत होती. एका बाईने आवाज जायच्या आधी आपलं सगळं माझ्याकडे आणून दिलं होतं, आणि मी ते माझ्या पट्टीत बसेल तेवढं ठेवून बाकीचं टाकून दिलं होतं.

बाहेर आले तेव्हा ताराबाई रंजनाच्या हातावर थोपटत होत्या. मी पेटी झाकली. "ताराबाई," मी म्हटलं, "माझं चुकलं. आता तुम्ही शिकवा."

त्या दुपारपासून मी सत्तावीस वर्षं जे केलं त्याच्या उलटं करायला लागले. पेटी बंद. रंजना तोंडाने गायची. तिच्या कानात लहानपणी जे काही शिरलं होतं ते तिने आठवायचं, आणि ताराबाई समोर बसून तळहाताने सांगायच्या. हात जरा वर म्हणजे सूर चढव. जरा खाली म्हणजे उतरव. दोन बोटांच्या चिमटीएवढं वर म्हणजे तोच तो पेटीवर नसलेला गंधार. ओळ संपली की त्यांचा हात हवेत स्थिर राहायचा, आणि आपल्या मनाने खाली यायचा. तो खाली येईपर्यंत रंजनाने थांबायचं. मोजायचं नाही. मी कोऱ्या पानांची वही आणली. गंधारावर एक छोटं वर्तुळ काढायचं ठरवलं, ज्याचा अर्थ 'आईला विचारून'. दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात ही खूण सापडणार नाही. आणि रंजनाचं गाणं पुरं जमलं की ते मोबाइलमध्ये भरून ठेवायचं. पहिल्यांदा भरलं तेव्हा बटण मी स्वतः दाबलं.

निवृत्तीनंतर मला वेळच वेळ होता. पावसाळा, मग थंडी. एकेका गाण्याला तीन-तीन आठवडे लागले. ताराबाई फार कडक गुरू होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी. मान राखणं त्यांनी सोडून दिलं, याचा मला दिलासा वाटायचा. चुकलं की त्या मांडीवर चापटी मारायच्या, आणि एकदा ती चापटी माझ्याही गुडघ्यावर बसली. अशी नऊ गाणी परत मिळाली.

दहावं आणि अकरावं मिळालं नाही. ती दोन्ही रंजनाने लहानपणी ऐकलीच नव्हती. ती हळदीच्या अगदी शेवटी, मुलं झोपल्यावर म्हणायची असत. तिच्या कानात काही नव्हतं, माझ्या पानावरची ओळ तेवढी होती. ताराबाई हात वर करायच्या, रंजना चढायची, नाही, खाली, नाही, पुन्हा वर. हात किती वर आहे हे दिसतं, पण आतली चाल हाताला सांगता येत नाही. उन्हाळ्यात आम्ही तिघी पाड्यावर जाऊन आलो. तिथल्या बायकांना प्रत्येक ओळीचे शेवटचे शब्द आठवत होते, चाल कुणालाच धड आठवत नव्हती. एक म्हणाली, "पुढचं ताराला ठावं, आमाला नाय." मी ज्या मोबाइलला नाही म्हटलं होतं त्यात ती दोन गाणी खरखरत का होईना राहिली असती. त्यानंतर एका दुपारी चाळीस-पन्नास वेळा प्रयत्न झाल्यावर ताराबाईंनी रंजनाच्या तोंडावर हलकेच बोटं ठेवली आणि माझ्याकडे बघून हात हलवला. राहू दे.

मी त्यांना म्हटलं, मग ही दोन पानं फाडून टाकू. त्यांनी वही माझ्या हातून काढून घेतली.

रंजना आता नर्सिंगला आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या मावसभावाचं लग्न होतं, मला आग्रहाने नेलं. मांडवात हळदीच्या वेळी ती पुढे बसली आणि बायका मागे. नऊ गाणी तिने म्हटली. पेटीवर न बसणारा तो गंधार बरोबर जागी लागत होता, आणि हळद लावणारीचा हात खाली येईपर्यंत ती थांबत होती. माझं मन भरून आलं. मग शेवटची हळद आली, आणि मला वाटलं आता ती उठेल.

ती उठली नाही. तिने दहावं गाणं म्हटलं. माझ्या पानावरचं. आठ चौकटींचं, 'ग'खाली रेघ मारलेलं, मी अंदाजाने पुरं केलेलं. बायकांनी शेवटचे शब्द मागून उचलले, अगदी सहज, कारण शब्द त्यांचेच होते. पहिल्या फेरीत त्या जरा चाचपडल्या. तिसऱ्या फेरीला सगळा मांडव तेच म्हणत होता. मग अकरावं, तेही तसंच.

ताराबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या मांडवात ती चाल खोटी आहे हे जाणणाऱ्या आम्ही तिघीच होतो. त्यांनी एकदाच हात उचलून रंजनाला थांबवलं असतं तर ती थांबली असती. त्यांनी हात मांडीवरच ठेवला आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

माझ्या शेजारी एक तरुण सून बसली होती, नुकतीच लग्न होऊन पाड्यावर आलेली. ती मला म्हणाली, "लय जुनं गानं हाय ना हे, बाई?"

मी हो म्हटलं.